तिचा 'स'

—नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्यावर ओला साचा आहे, कुणाचा तरी खालचा जबडा. इकडे बसा, खिडकीपाशी. आणि जरा हळू बोला. अगदी कुजबुजायला नको, दवाखान्यात बोलतो तेवढं. पिंजऱ्यावर टॉवेल टाकलाय म्हणून मैना झोपलीय असं समजू नका, टॉवेलखालून सगळं ऐकत असते. हां, तुमच्या आईंची कवळी झालीय. कडा तेवढ्या घासायच्यात, नाहीतर हिरडीला टोचतील आणि त्या माझ्या नावानं बोटं मोडतील. होतंच आलंय. काय म्हणत होतात दारात? पुन्हा सांगा. 'काका, तुमचा पक्षी पहाटे फार आवाज करतो, बाळ दचकून उठतं.' नाही, पहिल्या वेळीच नीट ऐकलं होतं मी. पण ते वाक्य तुमच्या तोंडून परत एकदा ऐकायचं होतं. अशी करमणूक रोज थोडीच मिळते.

कसला आवाज करते हो? तुम्हीच सांगा ना. शीळ — बरं. आणि मग? मग ढुप. ओळखीचा नाही वाटला? सुंईऽऽ करत चढायचं आणि वर जाऊन ढुप — तुमचाच माल आहे तो. नवी गाडी आली म्हणून गच्चीवर बाटलीत उभी करून रॉकेटं सोडलीत ना, दिवेलागणीला, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असताना, त्यातलंच एक तिनं ठेवून घेतलंय. तुम्ही वापरून फेकलंत, ती जपून वापरतेय. आता गाडी आली याचा आनंद — असावा की, कुणी नाही म्हटलंय, मीसुद्धा खाली उतरून टायरला हात लावून आलो होतो. पण माणसाला गाडी घेतल्यावर गाडीत बसून लांब कुठेतरी जावंसं वाटावं, गच्चीवर चढून शेजाऱ्यांच्या डोक्यावर दारू का उडवावीशी वाटते, ते मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात तो जळका, भिजलेला कागद — कुणी ओकून ठेवल्यासारखा. वाळत घातलेल्या चादरीला भोकं. आणि वास. आठवडाभर या खोलीत प्लास्टर कालवलं की त्याला तुमच्या दारूचा वास. माणसं तोंडात घालतात हो हे.

आणि आईंची ही कवळी कशी मोडली ते बाळाला मोठं झाल्यावर सांगा. नाही नाही, 'पडली' नाही. मी समोर माझ्या गॅलरीत होतो, त्या तुमच्या. पहिला बार झाला, त्या दचकल्या, तोंड उघडलं ते उघडलंच, आणि कवळी सरळ खाली, नव्या गाडीच्या टपावर. तुमच्या गाडीवरचा पहिला ओरखडा आईच्या दातांचा आहे. हसा, हसा, मीही हसलो होतो तेव्हा. क्षणभर. तेवढ्यात माझ्या पाठीमागे पिंजरा वाजायला लागला.

तुम्ही पक्षी घाबरलेला पाहिलाय का? नाही ना. तुम्ही गच्चीवर होतात, वर बघत होतात. कुत्रं घाबरलं की निदान कुठेतरी घुसतं. आपल्या जिन्यातल्या नर्सबाईंचा कुत्रा धुलाईच्या मशीनमागे घुसला, तिथेच सगळं करून बसला, बाई ड्यूटीवरून आल्या तरी बाहेर येईना, शेवटी त्यांनीच आडवं होऊन हात घालून ओढला तेव्हा त्यांच्या मनगटाला चावला. स्वतःच्या माणसाला. पण पिंजऱ्यातल्या जिवाला मागे घुसायला काही नसतं. चारी बाजूंनी गजच. ती आपटत राहिली. खालून वर, वरून खाली, पिसं उडतायत, चोचीतून रक्त, मी पिंजऱ्याला मिठी मारून उभा, आणि वरून तुमच्या टाळ्या. आणि मग तिसऱ्या का चौथ्या रॉकेटाला ती एकदम थांबली. दमून थांबली असं वाटलं मला. तर नाही. मान वाकडी केली, एक डोळा आभाळाकडे लावला. मैना मान वाकडी करते तेव्हा ती शिकत असते, एवढं लक्षात ठेवा. मी मात्र विसरलो होतो त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळे जमलो होतो ते आठवतं का? नर्सबाई हाताला पट्टी बांधून, मी, आणि तुम्ही केस विंचरून. 'जनावरांना सवय होते हो.' हे तुम्ही त्या पट्टीकडे बघत म्हणालात. आणि मला काय म्हणालात? माझ्या मुठीत तिची पिसं होती, मूर्खासारखी, टाकवेनात म्हणून धरून ठेवलेली. मला म्हणालात, 'काका, एवढं काय, दुसरी आणून देतो. याहून मोठी. रंगीत.' रंगीत. मला राग नाही आला हो तुमचा. राग आला असता तर बरं झालं असतं, चार शब्द बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. मला किळस आली. चपलेखाली काहीतरी मऊ यावं आणि वाकून बघायलाही नको वाटावं, तशी. अजून येते, जिन्यात तुमच्या गाडीची किल्ली वाजली की येते. तोंडावर सांगतोय, वाईट वाटून घ्या.

हे बघा, आता कड गुळगुळीत झाली. बोट फिरवा. घरी गेल्यावर आईंना घालायला सांगा आणि सहासष्ट, सदुसष्ट म्हणायला लावा. हसण्यावारी नेऊ नका, 'स' नीट आला तर पुढचे दात बरोबर बसले. सगळं 'स'वर असतं. दात नसले की 'स'चा 'फ' होतो, माप द्यायला आल्या होत्या तेव्हा दोनदा 'फूनबाई' म्हणाल्या, तुमच्या बायकोबद्दल तक्रार करत होत्या, पण 'फूनबाई' म्हटलं की तक्रारीत जीव राहत नाही. आणि पुढच्या दोन दातांत फट असली की 'स'ला बारीक शीळ लागते. आमच्या हिच्या होती. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्या तोंडाचं माप घेतलं ते त्या फटीसाठीच. म्हटलं, घरचाच कारागीर आहे, बुजवून देतो, कुणाला कळणारही नाही. तर ती म्हणाली—

इकडे या. कान इकडे करा. मैनेसमोर मोठ्यानं म्हणत नाही मी. 'असू दे' म्हणाली. बस. कळलं ना. आता बसा.

सगळ्यालाच तेच म्हणायची. कप फुटला, दूध उतू गेलं, मी गिऱ्हाइकावर डाफरलो, पाहुणे न सांगता आले — तेच, त्याच शिळेसकट. मैना तिच्याचकडून शिकली. इतकं हुबेहूब, की ही स्वयंपाकघरात आणि मैना गॅलरीत, आणि मला कळायचं नाही कुणी म्हटलं. गेल्या थंडीत ही गेली. लोक आले, बसले, गेले. मुलगी पंधरा दिवस राहिली, तीही गेली. आणि एका सकाळी माझ्या हातातून मेणाची वाटी पडली, सगळी फरशीभर, मी शिवी घातली — आणि गॅलरीतून आलं. तिच्या आवाजात. शिळेसकट. मी तसाच मेणात बसलो.

मोबाईलमध्ये नाही का? सगळे हेच विचारतात. अहो, मोबाईल तिच्याच हातात असायचा. व्हिडिओत मी आहे, मैना आहे, मुलगी आहे, मुलीची मांजर आहे. ही मागे उभी. हलू नये म्हणून श्वास रोखून. तिचा श्वाससुद्धा नाही त्यात.

मुलगी फोन करायची, मला म्हणायची, बाबा, मैनेला द्या. मी फोन पिंजऱ्याला लावायचो आणि एखादं भांडं मुद्दाम खाली पाडायचो. भांडं पडलं की मैना हमखास म्हणायची. पलीकडे पोरगी ऐकायची. मग म्हणायची, ठेवते. रोजचं होतं हे.

तुमच्या गाडीनंतर मैना बोलायची बंद झाली. खायची, बसायची, बोलायची नाही. मी भांडी पाडून थकलो, खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, काका, हात कापतात का तुमचे. आणि मग एका सकाळी, मी दात बसवत होतो मेणात, आणि मागून आलं. 'अ'. तिचाच. मी हातातलं सगळं सोडलं. मग 'स', तीच शीळ, तीच, शपथेवर सांगतो — आणि ती शीळ थांबेचना. वर चढायला लागली. चढत गेली, चढत गेली, आणि वर जाऊन ढुप.

थांबा, टॉवेल काढतो. तुमचं तुम्हीच ऐका. घाबरू नका, चावत नाही. शेपटीची पिसं यायची आहेत अजून. मी ही वाटी पाडतो, बघा. — — ऐकलंत? पहिलं अर्धं माझ्या बायकोचं आहे, पुढचं तुमचं. सांधा कुठे आहे ते मला, सांधे घासून नाहीसे करणाऱ्या माणसाला, सापडत नाही. खरं सांगू का, आता मला तिचीही किळस येते. मैनेची. तिचा काय दोष, कळतं ना, पण दिवसभर टॉवेल टाकून ठेवतो. दाणे घालताना तोंड फिरवतो. मुलीला फोनवर सांगतो, मैना झोपलीय. भर दुपारी. पोरीला दिवस गेलेत, या रविवारी येतेय. आईचा आवाज पोटातल्याला ऐकवायचाय म्हणते. काय ऐकवू? रॉकेट?

ते ठेवा खाली. त्या फळीवरच्याला हात नका लावू. ती गिऱ्हाइकाची नाही. नाही, आईंची जुनी नाही, आईंची मी कशाला — ती माझी आहे. बरं, आता बघितलीच आहे तर बघा. माझे पुढचे चार दात खोटे आहेत, आहे माहीत कुणाला? कारागिरी असते ती. ही दातांची दुसरी पट्टी, माझ्याच मापाची, फक्त दात हिचे. म्हणजे हिच्या साच्यावरून केलेले. मधली फट तेवढीच, केसाचाही फरक नाही. न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून, ती घालून म्हणून बघतो मी. आवाज बारीक करून. काय असं बघताय? पक्षी ज्याचं ऐकेल त्याचं उचलतो, म्हणून तो शब्द मी तिच्यासमोर कधी काढत नाही, माझ्या घोगऱ्या आवाजात शिकली तर राहिलेलं अर्धंही जाईल. म्हटलं, आधी आपण नीट शिकू, मग तिला शिकवू. आणि 'स' आला हो. हुबेहूब तिचा. पण बाकी सगळा मीच. एवढ्याशा शब्दात 'स' तेवढा तिचा आणि उरलेला हा म्हातारा. नाही शिकवलं. फळीवर ठेवून दिली पट्टी. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुम्हाला. एवढ्या माणसांत.

हे घ्या. रात्री पाण्यात ठेवायची, कोरडी राहिली तर वाकते. आणि पहाटेच्या आवाजाचं म्हणाल, तर तिचं अजून अर्धं शिल्लक आहे. आवाज झाला नाही, कुणी चुकीचं काही बोललं नाही, तर शीळ कदाचित खाली उतरेल. उतरतात म्हणे, विसरतात नको ते. मी वाट बघतोय. तुम्हीही बघा, बाळाला कापूस घाला कानात. सवय होते, तुम्हीच म्हणाला होतात. थांबा, डबीचं झाकण कुठे गेलं, इथेच होतं, या भुशात नाहीतर या साच्यांखाली, उघडी नेऊ नका, जिन्यात पडली तर परत माझ्याच—

काय म्हणालात?

नाही, मला ऐकू आलं. रुमालात न्याल, कळलं. त्याआधी काय म्हणालात? एवढ्या मोठ्यानं. नेमका तिचाच शब्द कशाला म्हणालात? झाकण सापडलं असतं. शंभर शब्द होते, 'राहू दे' होतं, 'चालेल' होतं.

माझ्याकडे नका बघू. तिच्याकडे बघा.

मान वाकडी केलीय.

उचला ती कवळी. उठा. बोलू नका, काही बोलू नका. माफीसुद्धा मागू नका इथे, तीही शिकेल. दार ओढून घ्या. हळू.