वास उठेपर्यंत

काका : हे घे, ठेव तुझं औषध. आणि खरं असेल ते काढ.

दुकानवाली : काका, आधी टेका तरी. झालं काय? तुमचंच नेहमीचं लाल झाकणाचं आहे की.

काका : झाकण तेवढं लाल. आत नुसतं पाणी. तुझे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा बाटली उघडली की दुकानभर वास सुटायचा. हे भेसळीचं फवारलं, तर नर्सरीतली सगळी रोपं करपली माझी.

दुकानवाली : म्हणून तर हिरव्या झाकणाचं न्या म्हणत होते. वास नाही त्याला, आणि माणसालाही कमी बाधतं.

काका : वास नाही ते औषध कसलं? कीड काय लेबल वाचून मरते?

दुकानवाली : सगळे हेच म्हणतात. ते हिरवं बघा कसं धूळ खात पडलंय. गिऱ्हाईक हुंगून घेतं, मग मीही मुकाट्यानं उग्रच मागवते.

काका : उग्र मागवतेस ना? मग ही हुंगून दाखव.

(ती झाकण उघडते आणि खोकत मागे सरकते.)

दुकानवाली : बाप रे. थांबा, पंखा लावते. केवढा उग्र वास हा. तुम्हाला खरंच येत नाही वास?

काका : कसला?

दुकानवाली : बरं, हे फिनेल घ्या. याचा?

काका : हेही पाणीच. तुझ्या दुकानात खरं काही उरलंय की नाही?

दुकानवाली : काका, तो मोठा ताप येऊन गेला तुम्हाला, त्यानंतर जेवण कसं लागतं?

काका : कसलं जेवण घेऊन बसलीस. तुझ्या काकूच्या हाताची चवच गेली. भाजी म्हणजे गरम पाणी. बोललो तर रडली बिचारी. मग मीठ वाढवत गेली, तरी तेच.

दुकानवाली : काकूंचा हात आहे तसाच आहे. तुम्हाला वास यायचा बंद झालाय, काका. वास गेला की चवही जाते.

काका : काहीतरीच काय.

दुकानवाली : काहीतरी नाही. फवारायचं औषध मापानं घालता ना?

काका : माप कशाला लागतंय? बादलीत ओतायचं, वास उठला की थांबायचं. उभा जन्म असंच केलं.

दुकानवाली : आणि हल्ली?

काका : हल्ली उठतच नाही. मग ओतत जातो... बाटली तळाला जाईपर्यंत.

दुकानवाली : फवारल्यावर शेडमध्ये कोण बसतं?

काका : तीच. रोपांच्या पिशव्या भरायला.

दुकानवाली : काकू आहेत कुठे आत्ता?

काका : दवाखान्यात. उलट्या, घाम, हात थरथरतात, तोंडातून लाळ गळते. तिचे कपडे न्यायला घरी आलो, तर ती करपलेली रोपं दिसली. डोकंच सणकलं, तसा इकडे आलो.

दुकानवाली : डॉक्टरांना फवारणीचं सांगितलंत?

काका : विचारलं त्यांनी, विषारी काही वापरता का. म्हटलं, नावाला औषध आहे, पण पाणी निघालं.

दुकानवाली : काका, उठा. नंबर द्या दवाखान्याचा, आधी फोन करते. ही बाटली घ्या, लेबल फाडू नका. शटर ओढते, मीच सोडते तुम्हाला स्कूटरवर. किती ओतलंत ते लपवू नका त्यांच्यापासून.

काका : पोरी, वाचेल ना गं ती?

दुकानवाली : ते डॉक्टरच सांगतील. माझं एवढंच म्हणणं आहे की आता एक मिनिटही घालवू नका. पण काकूंना तर वास येत असेल. त्या काही बोलल्या नाहीत?

काका : बोलली की. आज फार झालंय हो, म्हणाली, आत बसवत नाही.

दुकानवाली : मग?

काका : मी म्हटलं, हाताची चव गेली, आता नाकही बिघडलं का तुझं? त्यानंतर पदर नाकाला लावून पिशव्या भरत बसायची.