आईच्या दारातली फरशी

सोलो शहरातल्या एका गॅरेजात स्कूटरची वाट बघणाऱ्या सुमार्नीला शेजारी उभ्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं.

"मोटरसायकलच्या ऑइल कूलरचे दोन्ही पाइप चिरलेत," मिस्त्री म्हणाला. "वर्षभर तरी गळतंय. उभी कराल तिथे डाग पडत असणार."

"पडतात ना! बायको रोज ओरडते."

"कॉफीच्या टपरीपुढे आहेत, तुझ्या सासऱ्याच्या दारात आहेत," बहीण म्हणाली. "आईच्या दारातली फरशी तेवढी स्वच्छ कशी रे, प्रासोजो?"

"तिथे मी फाटकाबाहेर लावतो, ताई."

"फाटकाबाहेरही बघून आले. दर रविवारी जातोस ना?"

"आईलाच विचार मग!"

"विचारलं. म्हणाली, येतो की, माझ्या हातचं सोतो सूप पोटभर खाऊन जातो."

मिस्त्रीने नवे पाइप आवळले. "आता थेंबही गळायचा नाही."

"बरं झालं," बहीण म्हणाली. "आता तू आणि आई, दोघंही बिनधास्त खोटं बोला."