मिठाच्या गोण्या पोर्चातच राहू दे

—नक्को म्हटलं ना एकदा! त्या गोण्यांना हात लावू नकोस, पोर्चातच राहू दे. साहेबांनी बोलावलं असेल, साहेब घरात नाहीत. आत्ता घरात मी आहे, कुसुमताई — आणि ह्या स्विमिंग पुलात साहेब पाय घालत नाहीत, पोहते ती मी. काय नाव म्हणालास? हर्षद. पुण्याचा. वाटलंच. 'काकू, ऐकून तर घ्या' — अरे, आल्यापासून तेच तर ऐकायलेय! पाण्यात मीठ टाकायचं, ते पाणी तुझ्या त्या मशीनमधून फिरवायचं, मशीन मिठातनंच क्लोरीन करणार, मग वास नाही, पावडरीचे डबे नाहीत, आणि — हां, हेच ते तुझं लाडकं वाक्य — डोळे लाल होत नाहीत. किती वेळा सांगशील? माझ्या डोळ्यांची तुला काय पडलीय रे?

आणि फरशीचं काय? काठाची ही सगळी तांडूरची फरशी आहे, मी स्वतः उभी राहून बसवून घेतलीय. मिठानं हिचे पापुद्रे सुटले म्हणजे? सुटणार नाहीत? लिहून देतोस? — नाही ना, मग गप बस. आणि तो मोगरा? पूल धुतला की पाणी तिकडंच जातं, त्याला काय खारं पाणी पाजू? पाइप वळवू म्हणे! सगळ्याला उत्तर तयार आहे बघ तुझ्याकडं. हसायलास कशाला? साठीला आलेली बाई पोहते ह्याचं हसू येतंय? अरे, उदगीरकडची आहे मी. पाठीला सुका भोपळा बांधून बापानं विहिरीत टाकलं होतं, तेव्हापासून पोहतेय. ह्यांची जमीन शहराबाहेर गच्चीबावलीकडं, नुसती ज्वारी व्हायची. मग कंपन्या आल्या, काचेच्या इमारती आल्या, ज्वारी गेली आणि जुबिली हिल्सला हा बंगला आला. ह्यांना पूल कशाला हवा होता? पोरीसाठी बांधला. तिलाही मीच शिकवलं, भोपळा बांधून, ह्याच पाण्यात —

कुठली पोर? कुणी नाही. तू मशीनचं बोल.

तिकडं काय बघायलास? तो चौथरा आहे, उडी मारायचा. हो, स्पर्धेतल्या मापाचा आहे. माहितीय मला, घरच्या पुलाला असला चौथरा कुणी बांधत नाही! आम्ही बांधला. स्टेटला पोहायची ती. प्रियदर्शिनी नाव. झालं समाधान? कुठं असते, पुढचा प्रश्न हाच ना? अमेरिकेत म्हणून सांगतो आम्ही सगळ्यांना. लोकांना पटतं, सगळ्यांचीच पोरं तिकडं आहेत. दिलसुखनगरला असते. इथनं तासाभराच्या वाटेवर. जो तिला स्पर्धेचं पोहणं शिकवायला यायचा ना, इथं काठावर शिट्टी घेऊन उभा राहायचा, त्याच्याशीच लग्न केलं. आपल्यातला नाही. पोरगा चांगला आहे हो — पण आपल्यातला नाही म्हटल्यावर ह्यांच्यापुढं चांगला-वाईट कोण बघतंय?

मग ह्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली. कळतं का तुम्हा पुणेकरांना हे? माणूस गेलं की घरचे अंघोळ करतात, तशी. जितीजागती पोर, आणि तिच्या नावानं अंघोळ! न्हाणीघरात तरी करायची की नाही? नाही. ह्या पुलात. ह्या पायऱ्यांनी, धोतरासकट उतरले, बुडी मारली, वर आले आणि म्हणाले — संपलं. आता घरात तिचं नाव निघायचं नाही, कुणी रडायचं नाही. अंघोळ झाली की सुतक संपलं, मागनं रडायचं कसलं? बाहेर हसता-बोलता माणूस, गावात वजन — कोण बोलणार त्यांच्यापुढं? मी? मी पोहायला लागले. रोज सकाळी, पंजाबी ड्रेस घालून. पाण्यात तोंड घातलं की कुणाला काय कळतंय? आणि बाहेर आल्यावर कामाची सावित्रीबाई चहा देताना विचारते, ताई, डोळे का असे? — क्लोरीन, बाई. हे पेपरातनं मान वर करून विचारतात, डोळे का लाल? — क्लोरीन. संपला विषय. आता तू आलास तुझं मीठ घेऊन! चुरचुरत नाही, लाल होत नाही! मग मी काय सांगू रे घरात?

…

बघू नकोस असा. मला तुझी कीव नको. त्यातला जाणकार ना तू? मग सांग, क्लोरीननं कुणाचे डोळे दिवस मावळेपर्यंत लाल राहतात का? नाही ना? मग आमच्या साहेबांना एवढं कळत नाही? फोनवर काय म्हणाले ते तुला? — खरं सांग. — 'आमच्या बाईसाहेबांचे डोळे बघवत नाहीत.' असं म्हणाले? बघवत नाहीत? ह्याच शब्दांत?

बघवत नाहीत तर मीठ मागवलं! वा! काय म्हणावं ह्या माणसाला, हर्षद? डोळे बघवत नाहीत, पण कशानं लाल झालेत ते विचारवत नाही. परवा कोठीच्या चौकात पाहिलं मी तिला. दवाखान्यातनं निघाली होती, पोट हे एवढं पुढं आलेलं, एक हात कमरेवर. मी काच खाली करेपर्यंत सिग्नल सुटला, ड्रायव्हरनं गाडी काढली, आणि त्याला थांब म्हणायची सोय नाही, तो ह्यांना सांगणार. पहिलं बाळंतपण आहे रे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तुमच्याकडं करतात की नाही? मग? दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत कोण घालणार तिला न्हाऊ-माखू? इथं वरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या पडल्यात आणि मी पाण्यात तोंड घालून बसलेय!

तू एक कर. साहेबांना सांग, आमचं मशीन ह्या पुलाला चालत नाही. फरशी खराब होईल, काहीही सांग. खोटं नाही बोलणार? मोठा आलाय हरिश्चंद्र! धंदा करायलास की कीर्तन?

थांब. हॉर्न वाजला. त्यांचीच गाडी. आता येतील आणि विचारतील, बसलं का मशीन? काय सांगशील? काही सांगू नकोस. पाने-पक्कड, पाइप, सगळं उचल. मशीन बसवायचं का नाही ते मग बघू. — अहो, इकडं या. आत नका जाऊ, आधी इकडं या, ह्या पायऱ्यांपाशी. माझ्या डोळ्यांचं बोलायचंय. — तू अजून इथंच? नीघ म्हटलं ना! घरातलं बोलणं आहे आमचं.