ऐनाच्या चित्राला हार

मंडळी, एक विचारतो. एखादी गोष्ट आवडली, तर ती बघायची की घरी न्यायची? — बघा, पुढचे काका लगेच म्हणाले, "न्यायची!" काका, तरीच तुमच्या शेजाऱ्याच्या जास्वंदीला कधी फूल दिसत नाही!

ऐका तर. घाटमाथ्यावर रावजी देसाई नावाचे एक गृहस्थ. पैसा भरपूर, हौस त्याहून भरपूर! एकदा बाजारात केशव चितारी चित्र विकायला बसलेला. हातभर फळी, तिच्यावर तैलरंग. आश्विनातलं रान — धुतलेलं आभाळ, पिवळं पडलेलं गवत, मधोमध एक जुनाट ऐनाचं झाड.

रावजी थबकले. "अरे, हे तर आमच्याच माळावरचं रान! पण अर्धंच काढलंयस की!"

केशव म्हणाला, "तिथंच बसून काढलं, मालक. ऊन उतरेस्तोवर जेवढं साधलं तेवढं. बाकीचं तिथं उभं हाय — जाऊन बघा."

जाऊन बघतील ते रावजी कसले! मागितली ती किंमत दिली, चित्र घरी आणलं. पण लावायचं कुठं? जुन्या भिंतीला पोपडे! मग चित्रासाठी नवी भिंत. भिंतीसाठी नवा बंगला! आणि बंगला कुठं? — चित्रातल्याच जागेवर! का, तर "जागा काय देखणी आहे!" वा रे रसिक!

रावजींच्या आई, आक्काताई. त्यांना कळलं तशा त्या लेकापुढं आल्या. "रावजी, त्यो ऐन तेवढा ऱ्हाऊ दे रं. नवी नवरी हुते, तवा सासूनं बोललं की त्येच्याच बुडात बसून रडायची मी. दुसरं कोण हुतं मला?"

"आई, ऐन जातोय कुठं? चित्रात हाय की! बसल्या जागी बघ."

"चित्राची सावली पडती व्हय रं?"

ह्याचं उत्तर म्हणून रावजींनी काय दिलं? गड्यांच्या हाती करवत! ऐन पडला! रान साफ झालं! आणि मंडळी, चित्राला चौकट कशाची केली म्हणाल? — त्याच ऐनाची! सागवान महाग पडतं ना!

वास्तुशांतीचा दिवस. सनई, पंगत, अत्तर! पहिला पाहुणा दिवाणखान्यात आला, त्यानं भिंतीकडं बघितलं, टोपी काढली आणि हात जोडले. "रावजी, कवा गेले हो? आम्हाला कळीवलं न्हाईसा."

रावजी वळून बघतात — चित्राला झेंडूचा हार! खाली उदबत्ती!

"कुणी घातला हा हार?"

"म्या," आक्काताई म्हणाल्या. त्या दाराबाहेर जमिनीवर बसलेल्या. "गेलेल्याच्या फोटूलाच हार घालत्यात न्हवं? माझ्या घरचं गेलंय. मी सुतक धरलंय. तुझ्या पंगतीला मी बसायची न्हाई."

सुतकात वास्तुशांत! भटजी पोथी चाळायला लागले — झाडाचं सुतक किती दिवसांचं? सापडेना. सनई थांबली. रावजी हार काढायला पुढं झाले, त्या ऐनाच्या चौकटीला हात लागला आणि तिथंच राहिला. हार काही निघाला नाही.

आणि तुम्ही काय हसताय? उद्या सकाळी उठून मोबाइलवर रानाचा फोटो पाठवालच — "शुभ सकाळ!" पाठवा की! फक्त ते रान अजून उभं आहे का, तेवढं बघा. नसेल, तर वर हार घालून पाठवा.

घ्या आता विठ्ठलाचं नाव. पण टाळ जरा हळू वाजवा, बाबांनो. आक्काताईंचं सुतक अजून फिटलेलं नाही.