पाच आणि टिंब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बलभीमराव, उत्सवमूर्ती डॉक्टर वसंतराव दातारसाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेली मान्यवर मंडळी आणि सतरंजीवर ऐसपैस बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

साहेबांची बढतीवर बदली झाली आहे. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोला, असा अध्यक्षांचा हुकूम आहे. मी पडलो वकील. गोडाची सवय नाही, तरी प्रयत्न करतो.

साहेबांचा आणि माझा परिचय दोन वर्षांपूर्वीचा. आपल्या दवाखान्यातल्या नर्स तारामतीबाईंविरुद्ध त्यांनी वर तक्रार केली आणि बाईंचं वकीलपत्र माझ्याकडं आलं. म्हणजे साहेबांनी मला काम दिलं. आभार आधी त्याचेच मानले पाहिजेत.

तक्रार अशी होती. बाजारच्या दिवशी लक्ष्मम्मा नावाची बाई दवाखान्यात बाळंतपणाला आली आणि अडली. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत कळा देत होती. लेकरू दगावलं. नर्सनं हयगय केली, सबब नर्सांच्या नोंदवहीतून तिचं नाव कायमचं काढून टाकावं. पुरावा? खुद्द बाईंच्या हातचं रजिस्टर. 'नर्सने किती वेळा तपासले' या रकान्यात ठसठशीत शून्य. आता मला सांगा, गुन्हा करून आपल्याच अक्षरात कबुली लिहून ठेवणारा इसम तुम्ही कधी पाहिलाय? तीस वर्षांच्या वकिलीत मी तरी पाहिला नाही. पण साहेब पडले विद्वान, त्यांना असल्या शंका येत नाहीत.

चौकशी समिती आली. बाई बिचाऱ्या एवढंच म्हणत राहिल्या, "पाच लिहिलंय साहेब, मी पाचच लिहिलंय." समितीनं चष्मे पुसून पाहिलं. शून्य ते शून्यच. लक्ष्मम्मा स्वतः साक्षीला आली. नर्स किती वेळा आली? म्हणाली, "पाच येळा. म्या बोटावर मोजलंय." आणि डॉक्टर? "दागदरसाब व्हय? त्येंचं त्वांड तर म्या आजच बघायले." समितीनं हसू दाबलं आणि शेरा मारला, साक्षीदार निरक्षर, लेखी पुराव्यापुढं वजन नाही. जिचं लेकरू गेलं, तिच्या शब्दाला वजन नाही. मला त्या दिवशी संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मग मी ते रजिस्टर हातात घेतलं, आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. मंडळी, इथं पन्नाशीच्या पुढचे जेवढे बसलेत, त्यांनी शाळेत पाढे कशात घोकले? उर्दूत. तारामतीबाई नर्सिंग शिकल्या हैदराबादेत, त्याही उर्दूतच. निजाम गेला, आपण मुंबईला जोडले गेलो, दवाखान्याचं दप्तर मराठी झालं. बाईही मराठी लिहू लागल्या. पण आकडा आला की हात जुन्या वळणावर. आणि उर्दूतला पाच कसा? गोल, वर जरासं टोक. घाईत काढला की थेट आपलं शून्य.

पुण्याकडून आलेल्या साहेबांना हे कुठून ठाऊक असणार? विचारलं असतं तर दवाखान्याच्या शिपायानं, आपल्या ईरण्णानंही सांगितलं असतं. पण शिपायाला विचारणं साहेबाला शोभत नाही, हे मलाही मान्य आहे.

समितीनं जुन्या शाळेतले मास्तर बोलावून खात्री करून घेतली. तेव्हा मी नम्रपणे एक विनंती केली, उर्दूत वाचायचंच तर ओळ पुरी वाचा. शेजारचा रकाना होता, 'डॉक्टरांनी किती वेळा तपासले'. तिथं एक टिंब होतं. साहेबांना तो शाईचा डाग वाटला होता. मास्तर म्हणाले, "उर्दूत शून्याला टिंबच देतात, जी." त्या दुपारी साहेब पाहुण्यांना नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा दाखवत होते. कागदोपत्री दौराच तो. धबधबा पाहण्यासारखा आहे, मी नाही म्हणत नाही.

बाईंचं नाव नोंदवहीत राहिलं. पण तोवर निलंबनात अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत दारात अडलेली पोर आली तरी हात लावायची त्यांना चोरी. आणि टिंबाचं पुढं काय झालं? काही नाही. ते बढतीवर निघालंय.

आत्ता वाचलेल्या मानपत्रात म्हटलंय, साहेबांनी अगणित रुग्ण स्वतः तपासले. शब्द नेमका आहे. तपासलेच नाहीत, ते गणायचे कसे? तारामतीबाई तिकडं दाराजवळ उभ्या आहेत. साहेबांचा हार त्यांनीच गुंफलाय, एवढं फक्त मानपत्रात राहून गेलं.

असो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही निवांत ऐकून घेतलंत, आणि साहेब तर अजून हसतायत. सगळ्यांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात माझ्याकडून चुका झाल्या असतील, त्या पोटात घालाव्यात. कुणाला मोजायच्याच असतील तर खुशाल मोजा, फक्त आकडा तारामतीबाईंच्या हातानं लिहून घ्या. चुका पाच निघाल्या तरी साहेब शून्यच वाचतील, आणि त्यांचा निरोप गोड होईल.