मन्मथचा झिरा

आमच्या मन्मथचं सांगितलं का तुम्हाला? रेणापुरात त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, पण पावसानं सपशेल दडी मारलेली. त्यातच ह्यानं ठरवलं, किनवटच्या जंगलात एकट्यानं राहायचं. सोबत काडेपेटी न्हाई, भांडं न्हाई.

"आणि तहान लागली तर?" मी विचारलं.

"हातानं झिरा खोदीन."

सरावासाठी कोरड्या नदीत उतरला. मी काठावर बसून बघत होतो. दुपारपर्यंत वाळू उपसली, तेव्हा कुठं खड्ड्याच्या तळाला पाणी झिरपलं. त्यानं ओंजळ खाली नेली, तोच मागून आवाज आला, "थांब, गढूळ करू नको."

वळून बघतो, तर गल्लीतल्या बायांच्या घागरी ओळीनं लागलेल्या. पहिली घागर त्याच्या आईची.

"आई, मी एकटं राहायचा सराव करायलोय."

"मग एकट्याला कितीक लागतंय? सगळ्यात मागं थांब."

त्याची पाळी आली तोवर झिऱ्यात नुसती ओली वाळू उरली होती. घागर डोक्यावर घेत आईनं विचारलं, "जंगलात कवा जाणार हायस?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं. तवर रोज सराव कर."