शिळा वाढदिवस

आमच्या दोन मुलांचा, मुक्ताचा आणि धाकट्या ओजसचा, वाढदिवस लागोपाठच्या दिवशी येतो. त्या वर्षी मुक्ताचा थाटात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओजसने फ्रीज उघडला आणि म्हणाला, "ताईचा उरलेला केक मला नको. शिळा वाढदिवस नको."

"बरं साहेब, ताजा आणतो," हे म्हणाले आणि स्कूटर काढून न्हावा शेव्याच्या बंदरावर कामाला गेले.

दुपारी मी निरांजनाच्या वाती वळत असताना फोन आला. परतीच्या रस्त्यावर एका ट्रेलरने स्कूटरला धडक दिली होती. हे जागेवरच गेले.

संध्याकाळी सगळं पनवेल आमच्या घरात लोटलं होतं. ओजस नवा सदरा घालून, स्वतःच पाट मांडून बसला. माझ्या नणंदेला म्हणाला, "आत्या, ओवाळ ना."

"सुतकात ओवाळत नाहीत, राजा."

"काल ताईला ओवाळलं."

"काल सुतक नव्हतं रे."

 तो म्हणाला, "म्हणजे मी सहा वर्षांचा झालो की नाही?"

 मुक्ताने त्याला हात धरून पाटावरून उठवलं.

पुढे त्याचे बरेच वाढदिवस झाले. सहाव्याला मात्र त्याला ओवाळायचं राहिलं.